अर्धा मैल

"अर्धा मैल मुलींना झेपत नाही. शर्यत रद्द," सत्तावन्न सालच्या जिल्हा स्पर्धेत पंचांनी अनसूयेला सांगितलं. आदल्या वर्षी तीच शर्यत तिने जिंकली होती. पण शेवटची मुलगी चक्कर येऊन पडली आणि समितीला तेवढंच दिसलं.

"दोन मुलगेही पडले होते, साहेब. त्यांची शर्यत आहे की!"

पंचांनी मुलांना रेषेवर बोलावलं.

मुलांच्या शर्यतीचा बार उडाला, तशी अनसूया चुन्याच्या सगळ्यात बाहेरच्या रेषेपलीकडून धावू लागली. बाहेरून अंतर जास्त पडत होतं. शिपाई आडवा आला, त्याला तिने वळसा घातला. दुसऱ्या फेरीत एकाला गाठलं, मग दुसऱ्याला. अखेर आठ मुलांपैकी तिघे तिच्या मागे राहिले.

"याची कुठेही नोंद होणार नाही!" पंच ओरडले.

"नका करू. मुलींची शर्यत ठेवेपर्यंत मी दर वर्षी अशीच पळणार."

ती पळत राहिली. चौथ्या वर्षी समितीने शर्यत ठेवली. अकरा जणी धावल्या, अनसूया पाचवी आली.

"हरलीस की गं," पंच म्हणाले.

"मी कुठे?" ती घाम पुसत हसली. "हरलात तुम्ही, साहेब."