आदल्या दिवशीची तारीख

साडीच्या काठाचं डिझाईन मी केलं आणि मितेशने ते माझ्या कॉम्प्युटरवरून उचललं. मग स्वतःच्या कॉम्प्युटरची तारीख माझ्या फाईलच्या एक दिवस मागे नेली, काठाचा रंग बदलला आणि सेव्ह केलं. पंढरीशेठसमोर छाती काढून म्हणाला, "शेठ, तारीख बघा. माझी फाईल आदल्या दिवशीची आहे. चोर ही विनिता आहे."

मी भांडले नाही. भांडायचं काम मला दुसऱ्याकडून करून घ्यायचं होतं. फक्त विचारलं, "त्या दिवशी तर ऑफिस बंद होतं ना, मितेशदादा?"

"म्हणून तर निवांत बसून केलं! सकाळपासून इथंच होतो."

"जरा मोठ्याने सांग. शेठना ऐकू दे."

त्याने मोठ्याने सांगितलं.

शेठने चष्मा काढून टेबलावर ठेवला.



"त्या दिवशी माझ्या पोरीचं लगीन व्हतं. अख्खा अंजूर गाव नाचला. आन तू फोनवर रडून बोललास, आई आयसीयूत हाय, येवाला जमनार न्हाय!"