सांगलीचं गिऱ्हाईक

भोकरेकाकांनी छापून आणलेल्या मेलचा गठ्ठा टेबलावर आपटला. प्रत्येक कागदावर तेच होतं : "कुमुदताई, यंदा जोडीने काश्मीरला चला!"

"माझी बायको कुमुद जाऊन दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "तिचं नाव काढा म्हणून नऊ वेळा लिहिलं. शेवटी सांगलीहून एसटीने आलो."

"आले मेल की उडवून टाकायचे हो! एवढं काय त्यात?" ट्रॅव्हल कंपनीचे मालक तावडे हसले.

मेल पाठवायचं काम शाल्मलीचं होतं. ते हसणं ऐकून तिचं डोकं भणाणलं. "सर, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची नावं आपण दहा दिवसांत काढतो."

"तिथे कायदा आहे, दंड बसतो. हे सांगलीचे. यादी कमी करायची नाही, सांगून ठेवलंय ना?"

शाल्मलीने मॉनिटर काकांकडे वळवला, कुमुदताईंचं नाव शोधलं आणि सगळ्यांदेखत काढून टाकलं.

काका बघतच राहिले. "झालं? एवढंच होतं?"

"एवढंच होतं, काका."

"मग पोरी, दोन वर्षं तू काय करत होतीस?"

तावडेंवरचा तिचा सगळा राग त्या एका प्रश्नाने उलटून तिच्याच अंगावर आला. काका गेल्यावर तिने 'नाव काढा' म्हणणारी सगळी पत्रं उघडली. तीनशे बारा होती. तावडे मागे उभे राहून नोकरीवरून काढण्याच्या धमक्या देत होते, आणि ती एकेक नाव मोठ्याने वाचून यादीतून काढत होती.