चौदा वर्षांनी भट्टी

“कोळसा गेला तं माणूस गेला!” असं देवसिंगभाऊंनी साऱ्या मानवजातीला उद्देशून जाहीर केलं. मानवजातीतर्फे यवतमाळच्या कॉलेजातल्या नयन मॅडम हजर होत्या. त्यांचा चहा आत गॅसवर उकळत होता.

घाटंजीकडच्या या तांड्यात कोळशाच्या भट्ट्यांची खूण म्हणून सोयाबीनमधली काळी वर्तुळं तेवढी उरली आहेत. पाऊस पडला की तिथली माती अजून जळका वास देते. देवसिंगभाऊ तिथं जाऊन उभे राहत. एका, फक्त एका भट्टीची परवानगी ते दिसेल त्या साहेबाकडे मागत. भट्ट्यांवर बंदी आल्यापासून चौदा वर्षं.

“कला मरून राह्यली, मॅडम.”

“कला कायची? बुढा मरून राह्यला,” त्यांची बायको जमनाबाई चहा घेऊन आल्या. “रातभर घरात चकरा मारते. गोळ्या झाल्या, मालिश झाली. मी घोरून राह्यली, हा आढ्याकडे पाहून राह्यला.”

“भट्टी लागली का ठीक होईन मी,” देवसिंगभाऊ चहात पाहत म्हणाले.

मॅडमना भरून आलं. त्यांनी खेटे घातले. जुन्या कलेचं चित्रीकरण म्हणून बांधावरच्या दोन बाभळींपुरती परवानगी मिळाली. लाकडं रचली, वर ओला पाला, त्यावर चिखलाचा लेप, बुडाशी छिद्रं. सकाळी देवसिंगभाऊंनी स्वतःच्या हातानं विस्तव घातला.

आता आठ दिवस राखण. धूर पांढरा तोवर बरं. निळा झाला की छिद्र बुजवायचं, नाहीतर कोळशाऐवजी राख. म्हणून भट्टीवर कायम दोघं: एक जागा, एक झोपलेला. या नवराबायकोनं अशा पाळ्या तीस वर्षं केल्या होत्या.

दुपारी जमनाबाई डबा पालथा घालून धुरासमोर बसल्या. मॅडमनी देवसिंगभाऊंच्या सदऱ्याला माईक लावला. कॅमेरा सुरू झाला.

“अवो, सांगा न आता मॅडमले,” जमनाबाई म्हणाल्या. “लय दिवसांचं तोंड शिवशिवून राह्यलं होतं न!”

देवसिंगभाऊंनी धुराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पळसाच्या सावलीत गोधडी टाकून सरळ आडवे झाले.

“भाऊ, आणि कला?” मॅडम म्हणाल्या.

“बुढी बसली न,” ते डोळे मिटूनच बोलले. “भट्ट्या गेल्या तवापासून दोघंही संगच झोपतो. जागं कोणीच नसते. कशी लागन झोप?”

ते कुशीवर वळले.

“हा माईक तेवढा काढून घ्या, मॅडम. टोचते.”