निम्म्याहून कमी

“चौथ्या कपाटातला रानवाटाणा ना? काढते. पण सर, तुम्ही इथं एवढी वर्षं होतात, तेव्हा नाही पाहिलात?”

वाळलेल्या रोपांचा संग्रह सांभाळणारी बाई त्याच्याच हाताखाली शिकलेली, आणि बोलायला फटकळ. त्याने चष्मा पुसायचं निमित्त केलं.

“तेव्हा वेळ नव्हता.”

वेळ होता. छाती नव्हती.

एकाहत्तरी उलटली तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरली ताई अंथरुणाला खिळली होती. हृदय दमलंय, आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून रानवाटाण्याचा हा एक कागद त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी दोघं भावंडं इथंच रोजावर होती. रोपं आणायची, दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, खाली नाव लिहायचं. कायमची जागा एकच निघाली. मोठे साहेब म्हणाले, एकमेकांनी ओळखलेली रोपं तपासा. ज्याची नजर पक्की त्याची नोकरी. ताईची नजर पक्की होती, हे शिपायालाही ठाऊक होतं. धाकटा वर्षभर बेकार राहून नुकताच रोजावर लागलेला, घरात दोन महिन्यांचं मूल.

ताईने खाणीच्या कडेला अरुंदपानी रानवाटाणा शोधला होता. त्या भागात तो आधी कुणालाच सापडला नव्हता. धाकट्याने भिंग लावलं आणि कागदावर चिठ्ठी चिकटवली: ‘हा अरुंदपानी नव्हे. नेहमीचा रुंदपानी.’ साहेबांनी त्याच्या शब्दावर मान डोलावली. ताई म्हणाली, “चुकलंच माझं,” आणि टायपिंगच्या क्लासला गेली. पुढं जन्मभर एका कचेरीत बोटं बडवत राहिली. रोपांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

त्या दिवशी आपण घाईत, एकदाच पाहिलं होतं, आणि पाहताना अर्धा जीव नोकरीत अडकला होता, हे धाकट्याला पक्कं आठवत होतं.

बाईने कागद टेबलावर ठेवला. वेल तपकिरी पडला होता. गुलाबी फुलांचे चहाचे डाग झाले होते.

“यात मी अजून गोंधळते, सर. खोडाला पंखासारखी पट्टी दोघांनाही. पानांची एकच जोडी, टोकाला वेटोळं घेणारा तंतू, तेही दोघांना.”

“आणि पानाच्या रुंदीवर गेलीस तर फसलीसच. चांगली माती मिळाली की अरुंदपानीही अंगानं सुटतो.”

“म्हणजे माझ्यासारखाच.”

धाकट्याला हसू आलं नाही. “पानाच्या बुडाशी ही दोन टोकदार पाती बघ, उपपर्णं. यांची रुंदी खोडाच्या निम्म्याहून कमी, तर अरुंदपानी. निम्म्याहून जास्त, तर रुंदपानी. बाकी सगळ्या गप्पा.”

त्याने भिंगाखाली बारीक मोजपट्टी धरली. एक उपपर्ण मोजलं. दुसरं मोजलं. मग पार शेंड्याकडचं. तिन्हींनी एकच साक्ष दिली. तो खुर्चीत मागे टेकला.

“काय निघालं?”

“जे निघायला नको होतं, तेच.”

इथली रीत अशी, की कागदावरची जुनी चिठ्ठी कुणी खोडत नाही, फाडत नाही. चूक सापडली तर तिच्याखाली नवी लावायची, सही-तारखेसह. कोण कधी चुकलं ते कायम दिसत राहतं. उभ्या नोकरीत धाकटा या रीतीशी इमानानं वागला होता. त्याने कोरी चिठ्ठी मागितली आणि लिहिलं. ‘हा अरुंदपानीच. वरची चिठ्ठी माझी, आणि चुकीची.’

बाईने वाचलं. तिचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला. “हे लिहायला काळीज लागतं, सर.”

“डिंक दे इकडे.”

तिथून तो तडक ताईकडे गेला. भाचीने दार उघडलं. “मामा, आईला जास्त बोलायला लावू नका. ती ऐकत नाहीच म्हणा.”

ताई उशांना टेकून बसली होती. “आलास? तोंड का पडलंय? मरायला टेकलेय मी, आणि सुतक तुझ्या तोंडावर?”

“ताई, तो खाणीवरचा वाटाणा. आज कागद काढून पाहिला.”

ताईचे डोळे त्याच्यावर स्थिरावले.

“तुझंच बरोबर होतं. मी चुकलो. तुझं सगळं आयुष्य मी खाल्लं, ताई. तशी चिठ्ठी लावून आलोय, सहीनिशी. आता कुणीही तो कागद काढला तरी त्यावर तूच खरी.”

ताईने पाण्याचा घोट घेतला. घाई नव्हती तिला.

“उपपर्ण मोजलंस?”

“तीनदा.”

“किती भरलं?”

“खोडाच्या निम्म्याहून कमी.”

“माझ्याकडे बघून सांग.”

“निम्म्याहून कमी, ताई.”

ती हसायला गेली आणि खोकल्याची उबळ आली. धाकट्याने पाठ चोळली. उबळ ओसरली तरी तिने त्याचा हात सोडला नाही.

“जन्मात एकदा खोटं लिहिलंस, तेही माझ्यासाठी?” ती म्हणाली. “अरे बावळटा, तो रुंदपानीच आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी माझा अरुंदपानी काढून मीच तो तिथं चिकटवला होता.”