कंडेन्सरची जागा

“जोऱ्यानं येऊ द्या ना भाऊ! थ्या विहिरींपर्यंत गेलं पाह्यजे!” चंपाबाईनं माइकची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरली होती. शिरपूरच्या जत्रेत तिची पाच वर्षांची हिरी हरवून दोन तास झाले होते. शोधायला माणसं चारी बाजूंनी गेली होती. पलीकडच्या वावरांत बिनकठड्याच्या विहिरी, आणि दिवस कलायला लागलेला.

कर्ण्यातून आवाज येत होता, पण पार मेलेला. सकाळी हाच दणदणत होता.

लाउडस्पीकरवाल्या गोविंदानं अ‍ॅम्प्लिफायर उलटा केला. काचेच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या बुडचा कंडेन्सर वाळून गेला होता, आवाज मेला तो त्यामुळंच. वाळणार नाही तर काय! जागा वाचवायला त्यानं स्वतःच तो तापत्या रेझिस्टन्सला खेटून बसवला होता. मोठा शहाणा! आता दुसरा मिळायचा तो वाशिमात.

डब्यात एक सुटा रेझिस्टन्स होता. आधीच्याला जोडून लावला तर आवाज चढला असता. पण मग व्हॉल्व्ह पाच-सात मिनिटांत जळणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसरा व्हॉल्व्ह नव्हता. त्यानं हळूच तसं सांगितलं.

“गोविंदा, हाये तो आवाजही जाईन,” जत्रा कमिटीचे माणिकराव म्हणाले.

“या आवाजानं काय कप्पाळ जाते विहिरीपर्यंत?” गोविंदा खेकसला. त्यानं रेझिस्टन्स जोडून डाग दिला, बटण दाबलं.

“हिरे! माय हिरे! हालू नोको, हायेस तिथंच बस!”

चंपाबाईची हाक सुटली. पार शेवटच्या वावराच्या धुऱ्यावरचे कावळे उडाले. गोविंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

व्हॉल्व्ह आधी तांबूस झाला, मग चुलीतल्या इंगळासारखा. गोविंदा पुठ्ठ्यानं वारा घालू लागला. “थांब रे बाप्पा, थोडंसं थांब.”

टच्‌कन आवाज झाला. आतला उजेड गेला, कर्णे मुके झाले.

कर्णे उंच खांबावर, वावरांकडे तोंड करून होते, आणि खाली जत्रेचा गलका. चंपाबाईला काहीच कळलं नाही. तिचा घसा बसला होता. हाका मारता मारता ती मागं वळली.

“भाऊ, जाऊन राह्यलं ना विहिरींपर्यंत?”

माणिकरावांनी विझलेल्या व्हॉल्व्हकडं पाहिलं.

“जाऊन राह्यलं बाई,” गोविंदा म्हणाला. “तुमी हाका मारा.”