आधी कुठे तुटतं

“मग, टिकतंय का माझं?” बाबांनी उशीवरूनच विचारलं.

“गणित चालू आहे अजून.”

“तुझा संगणक सरकारी नोकरीत होता का गं आधी?”

ती हसली. किती दिवसांनी हसली होती.

वापरून झालेलं अणुइंधन आम्लात विरघळवतात. त्यातले कामाचे धातू वेचून घेणारं एक संयुग बाबांनी प्रयोगशाळेत घडवलं होतं, पाण्यासारखं नितळ. अशा द्रवाचा वैरी एकच, किरणोत्सर्ग. त्याचा मार बसला की रेणूंचे बंध तुटतात, द्रव काळवंडतो. कोणता बंध आधी तुटेल हे संगणकावर मांडून सांगणं, ही तिची नोकरी. पण पाळणा रिकामाच माळ्यावर गेला आणि तिने अंथरूण धरलं. नोकरीही सुटली.

मग बाबांनी आजारपणात हट्ट धरला. “आयुष्याची मेहनत आहे, पोरी. किरणांखाली ठेवून बघायचं राहूनच गेलं. तू तेवढं सांग, म्हणजे मी डोळे मिटायला मोकळा.”

ती उठली. केस विंचरले. त्यांच्या खाटेशेजारी टेबल ओढलं, फळीवरच्या औषधाच्या बाटल्या सरकवल्या. मागे काळ्या, चिकट तेलाची एक सीलबंद कुपी होती.

“राहू दे ती!” बाबा एकदम म्हणाले. “आईच्या शिलाई मशीनचं तेल आहे.”

आकडे येत गेले. कसंही मांडा, नायट्रोजनशेजारचा तोच बंध तुटायचा. तिने पुन्हा मांडलं. पुन्हा तोच.

एका संध्याकाळी बाबांना धाप लागली. तिने त्यांचा हात हातात घेतला.

“टिकतं, बाबा. शेवटपर्यंत टिकतं.”

त्यांनी संगणकाकडे पाहिलंच नाही. तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले.

“नक्की?”

“नक्की.”

“मग जिंकलो गं मी,” ते म्हणाले.

ते गेल्यावर मायलेकी खोली आवरायला बसल्या. तिला हुंदका आवरेना.

“आई, मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले. त्यांचं संयुग टिकत नाही गं.”

आईने फळीवरची ती कुपी काढली, पदराने पुसली आणि तिच्या हातात ठेवली.

“मशीनला असलं तेल घालतात होय? तू शाळेत होतीस, तेव्हाच त्यांनी किरणांखाली ठेवलं होतं ते. हे बघ काय झालं त्याचं. तू अंथरूण धरलंस तेव्हा मला म्हणाले, ‘पोरगी उठेना झालीय, तिला हेच गणित घालतो.’”