ओली बाही

लेकीला आठवा महिना लागला होता. शिलाईच्या कारखान्यात राबून आईचा पार पिट्टा पडलेला असे, तरी संध्याकाळी ती नातवंडाचा स्वेटर क्रोशानं विणायला बसे.

पण रोज डाव्या बाहीचं टोक ओलं लागायचं, कुणीतरी चोखल्यासारखं. घरात मांजरसुद्धा नव्हतं. ती निमूटपणे तेवढं उसवायची आणि पुन्हा विणायची.

"आई, किती वेळा तेच तेच?" लेक आतल्या खोलीतून विचारायची.

"माप चुकतंय गं."

पाचव्या दिवशी तिचे हात गळून गेले. बाही तशीच मांडीवर टाकून ती पुटपुटली, "चोख बाबा, काय चोखायचं ते चोख एकदाचं."

मांडीवरून चोखण्याचा बारीक आवाज यायला लागला.

"आई," आतून लेकीचा आवाज आला, "बाळ एकदम हलायचं थांबलंय गं."